तुम्ही विचारलंत म्हणून: पॅसिफिकच्या कॉन्फरन्समध्ये टेक्सास कसे आले?

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा (चेंडू हातात घेऊन खेळायच्या अमेरिकन फुटबॉलचा) हंगाम आणि आमच्या पोर्टलंडच्या मराठी मंडळींचा गणेशोत्सव साधारण एकाच सुमारास येतात. त्यामुळे आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत, माझ्या अंगावरचे ओरेगन स्टेट विद्यापीठाचे नारिंगी जाकीट पाहून, कोणी ना कोणी दरवर्षी तोच प्रश्न विचारते. "तुमचं कॉलेज पॅसिफिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समधलं, म्हणजे खेळांच्या गटातलं ना? मग त्यात टेक्सासचं कॉलेज कसं आलं? आणि स्टॅनफर्ड अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये काय करतंय? हे असंच चालू राहिलं तर शेवटी होणार तरी काय?" आजवर मी रांग पुढे सरकेपर्यंत जमेल तेवढे उत्तर देत आलो. गेल्या वेळी मात्र विचारणाऱ्या बाईंची मुलगी शाळेच्या संघातून भालाफेक करते असे कळले. तिला काही विद्यापीठांच्या प्रशिक्षकांची पत्रे येऊ लागली आहेत, आणि आईला हे सारे खरोखर समजून घ्यायचे होते. म्हणून सविस्तर लिहितो.

राहुरीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन मी 1998 च्या शरद ऋतूत मृदाशास्त्राच्या पुढच्या शिक्षणासाठी कॉर्व्हालिसला आलो. ओरेगन राज्यातल्या विलामेट खोऱ्यातले हे गाव आजही साठ हजारांच्या आसपास वस्तीचे आहे, आणि विद्यापीठ वगळले तर बाहेरच्या माणसाने तिथे येण्याचे फारसे कारण नाही. त्या काळी ओरेगन स्टेटचा फुटबॉल संघ साऱ्या देशात पराभवासाठी ओळखला जाई. 1971 पासून एकाही हंगामात त्याचे विजय पराभवांपेक्षा अधिक झाले नव्हते, आणि असे सलग अठ्ठावीस हंगाम गेले होते. नोव्हेंबरात प्रयोगशाळेतला एक सहकारी मला पासष्ट किलोमीटरवरच्या यूजीन गावातल्या ओरेगन विद्यापीठाविरुद्धचा सामना पाहायला घेऊन गेला. मला नियम ठाऊक नव्हते. सामना दोनदा जादा वेळेत गेला आणि आमचा संघ 44–41 असा जिंकला, तेव्हा माझ्या शेजारी बसलेले सत्तरीचे गृहस्थ रडत होते आणि त्यांची यूजीनची सून, पलीकडच्या संघाचा हिरवा शर्ट घालून, त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. पुढे नियम शिकलो, पण या खेळाचे मर्म मला त्या एका दृश्यात कळले होते. समोरचा संघ परका नव्हता. तो सोयऱ्यांचा होता.

कॉन्फरन्स म्हणजे मुळात एवढेच असते. ज्यांनी जुनी रणजी करंडक स्पर्धा पाहिली आहे त्यांना हे लगेच समजेल. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र हे शेजारी आधी आपसांत खेळत आणि त्यांच्यातले वरचे संघ पुढे देशाशी झुंजायला जात. 2002-03 च्या हंगामात रणजीने विभाग मोडून संघांची गुणवत्तेनुसार प्रतवारी केली. अमेरिकेतल्या विद्यापीठांनीही शंभर वर्षांपूर्वी असेच विभाग बांधले, मात्र ते केवळ फुटबॉलसाठी नव्हते. पोहणे, कुस्ती, व्हॉलीबॉल, धावणे, बेसबॉल, रोइंग अशा वीसेक खेळांचे मुलामुलींचे संघ एकाच वेळापत्रकाने एकमेकांच्या गावी जातील, खर्च आटोक्यात राहील आणि सोमवारी सगळे वर्गात हजर असतील, असा तो करार होता. पॅसिफिक किनाऱ्याची कॉन्फरन्स डिसेंबर 1915 मध्ये पोर्टलंडच्या एका हॉटेलात चार विद्यापीठांनी स्थापन केली. त्यांतले एक आमचे होते. त्या वेळी त्याचे नाव ओरेगन कृषी महाविद्यालय असे होते. सभासद वाढत गेले तशी ती पॅक-एट, पॅक-टेन आणि 2011 मध्ये पॅक-ट्वेल्व झाली. साऱ्या खेळांत मिळून पाचशेहून अधिक राष्ट्रीय सांघिक विजेतेपदे तिच्या सभासदांनी मिळवली होती.

ती कॉन्फरन्स 4 ऑगस्ट 2023 रोजी एका दिवसात कोसळली, असे लोक म्हणतात. तिचा पाया त्याआधीच तेरा महिने खचत होता. 30 जून 2022 रोजी लॉस एंजेलिसची दोन्ही मोठी विद्यापीठे, यूएससी आणि यूसीएलए, आपण मध्य-पश्चिमेच्या बिग टेन कॉन्फरन्समध्ये जात असल्याचे जाहीर करून मोकळी झाली. उरलेल्या दहांना नवा दूरचित्रवाणी करार हवा होता आणि तो मिळेना. जुलै 2023 अखेर कोलोरॅडो बाहेर पडले. शेवटी हाती आलेला प्रस्ताव प्रामुख्याने अ‍ॅपलच्या इंटरनेट वाहिनीचा होता, आणि त्यातले उत्पन्न किती प्रेक्षक वर्गणी भरतील यावर अवलंबून राहणार होते. त्या शुक्रवारी सकाळी उरलेली नऊ विद्यापीठे सही करतील अशी अपेक्षा असताना ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेली, आणि दिवस मावळण्यापूर्वी अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि यूटा यांनी बिग ट्वेल्व या आणखी एका कॉन्फरन्सची वाट धरली. 1 सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठ अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेले. राहिले दोघे: कॉर्व्हालिसचे ओरेगन स्टेट आणि पुलमनचे वॉशिंग्टन स्टेट.

त्या आठवड्यात मी कॉर्व्हालिसला गेलो होतो. सुमारे सोळा कोटी डॉलर खर्चून आमच्या स्टेडियमची पश्चिम बाजू नव्याने बांधून नुकतीच पूर्ण झाली होती. तिकीटखिडकीजवळ उभे राहून ती इमारत पाहताना मला गावाकडचा, ज्याचा मालक वाटणी करून शहरात निघून गेला आहे असा, नवाकोरा वाडा आठवला. संघ त्या वर्षी चांगला खेळत होता. नोव्हेंबर संपण्याआधी प्रशिक्षक जोनाथन स्मिथही गेले, आणि तेही बिग टेनमधल्या मिशिगन स्टेटकडे. 1 जानेवारी 2001 च्या फिएस्टा बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात नोत्र दाम विद्यापीठाला 41–9 असे हरवणाऱ्या आमच्या संघाचे ते क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारे मुख्य खेळाडू, होते. आमच्या मनात त्यांचे स्थान घरच्या मुलाचे होते. त्यांच्या जाण्याचा राग मला आला नाही, कारण ज्या घराचे छप्पर उडाले आहे त्यात राहा असे कोणाला सांगायचे?

आता हे का झाले ते पाहू. 1984 पर्यंत कोणत्या विद्यापीठाचे किती सामने दूरचित्रवाणीवर दिसावेत हे एनसीएए ही राष्ट्रीय संघटना ठरवत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी तो मान्य केला: ही मक्तेदारी स्पर्धाविरोधी असून प्रक्षेपणाचे हक्क विकण्याचा अधिकार विद्यापीठांचा आहे. विरोधात मत देणाऱ्या दोघांपैकी एक न्यायमूर्ती बायरन व्हाइट होते, जे तरुणपणी स्वतः नामांकित फुटबॉल खेळाडू होते. कॉलेजच्या खेळाकडे निव्वळ व्यापार म्हणून पाहणे चूक आहे, असा त्यांच्या मतपत्राचा रोख होता. कायद्याच्या दृष्टीने बहुमत बरोबर असेल, पण पुढच्या चाळीस वर्षांत जे घडले ते व्हाइट यांना आधी दिसले होते असे मला वाटते.

हक्क विकायचे तर एकेकट्याने विकण्यापेक्षा गट करून विकणे फायद्याचे, आणि गट जितका दूरवर पसरलेला तितका त्याचा भाव अधिक. 1992 मध्ये दक्षिणेतल्या एसईसी कॉन्फरन्सने बारा सभासद जमवून अंतिम सामना सुरू केला आणि तो सामना वेगळा विकला. बिग टेनने 2007 मध्ये स्वतःची वाहिनी काढली. केबल कंपनी त्या वाहिनीसाठी ग्राहकामागे दरमहा जे पैसे देई ते कॉन्फरन्सच्या क्षेत्रात जास्त आणि क्षेत्राबाहेर कमी असत. म्हणून 2014 मध्ये मेरीलँड आणि न्यू जर्सीचे रटगर्स ही विद्यापीठे आत घेण्यात आली. रटगर्सचा फुटबॉल संघ काही फार बलाढ्य नव्हता, पण त्याच्या सभोवती न्यूयॉर्क महानगराची लाखो केबल घरे होती, आणि त्या घरांतल्या माणसांनी सामना पाहिला नाही तरी बिल भरले की पैसे जमा होत. पुढे लोक केबल तोडू लागले तेव्हा हिशेब पुन्हा बदलला. आता घरे मोजून उपयोग नव्हता; चाळीस लाखांहून अधिक माणसे एकाच वेळी पाहतील असे सामने हवे होते, आणि असे सामने मोठ्या नावांमध्येच होतात. 2022 च्या ऑगस्टमध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांसाठी सातशे कोटी डॉलरांहून मोठा करार केला. तिच्या जुन्या सभासदांना त्याआधीच वर्षाला सहा कोटी डॉलरांच्या घरात वाटा मिळत होता. ओरेगन आणि वॉशिंग्टन सुरुवातीला साधारण निम्म्या वाट्यावर तिथे गेली, आणि तरीही त्यांना ते परवडले.

इथे रणजीचे उदाहरण अपुरे पडते. तिथे विभाग मोडले ते निदान खेळातल्या कामगिरीसाठी. इथे प्रतवारी मैदानावर होत नाही. 2023 च्या सप्टेंबरात मागे राहिलेले दोन्ही संघ पुलमनला एकमेकांशी खेळले. तो सामना वॉशिंग्टन स्टेटने 38–35 असा जिंकला. संघ खेळण्यात कमी पडला म्हणून त्यांच्यापैकी कोणाला वगळले नव्हते. त्यांची गावे लहान होती. ओरेगन राज्यातले राजमान्य मोठे विद्यापीठ गेले आणि कृषी महाविद्यालय म्हणून सुरू झालेले राहिले. वॉशिंग्टन राज्यातही सिअ‍ॅटलचे गेले आणि गव्हाच्या टेकड्यांमधले पुलमनचे राहिले. राहुरीहून आलेल्या माणसाला ही गोष्ट न बोचती तरच नवल. 1862 च्या कायद्याने सरकारी जमिनीच्या आधारावर ही कृषी महाविद्यालये मुद्दाम शेतकऱ्यांच्या मुलांसाठी उभारली गेली. त्यांचे गावात असणे हाच त्यांच्या स्थापनेचा हेतू होता, आणि आता तोच त्यांचा दोष ठरला.

मात्र आम्ही निष्पाप आहोत असेही मी म्हणू शकत नाही, आणि या प्रश्नाचे उत्तर देताना हा भाग गाळणे मला योग्य वाटत नाही. 1959 मध्ये, खेळाडूंना चोरून पैसे दिल्याच्या प्रकरणांनंतर, पॅसिफिकची जुनी कॉन्फरन्स मोडली आणि कॅलिफोर्नियातल्या मोठ्यांनी वॉशिंग्टनला घेऊन नवी बांधली. तेव्हाही ओरेगन, ओरेगन स्टेट, वॉशिंग्टन स्टेट आणि आयडाहो बाहेर राहिले होते. पुढच्या पाच वर्षांत पहिल्या तिघांना आत घेतले गेले. आयडाहोला कोणी बोलावलेच नाही. आयडाहो विद्यापीठाचे मॉस्को गाव पुलमनपासून अवघ्या तेरा किलोमीटरवर आहे; मधे फक्त राज्याची सीमा आणि गव्हाची शेते. तेही कृषी विद्यापीठच. 2018 मध्ये आयडाहोने फुटबॉलच्या वरच्या श्रेणीतून स्वतःहून खाली उतरण्याचा निर्णय अंमलात आणला, आणि असे करणारे ते पहिले विद्यापीठ ठरले. साठ वर्षे आम्ही त्या कुंपणाच्या आत होतो आणि आयडाहो बाहेर होते, याची आमच्यापैकी किती जणांनी कधी हळहळ केली? मी तरी केली नव्हती.

दुसरी गोष्ट अलीकडची आहे. आम्ही दोघे एकटे पडल्यावर 2024 च्या हंगामासाठी सामने मिळाले ते माउंटन वेस्ट कॉन्फरन्समुळे. आम्ही त्यांना सुमारे 1 कोटी 40 लाख डॉलर दिले आणि त्यांनी आम्हाला वेळापत्रकात जागा दिली. दरम्यान न्यायालयाने पॅक-ट्वेल्वचा कारभार आणि मालमत्ता राहिलेल्या दोघांच्या हाती दिली, आणि जाणाऱ्या दहांशी तडजोड झाली. हाती पैसा आला, पण एनसीएएच्या नियमाप्रमाणे वरच्या श्रेणीतल्या फुटबॉल कॉन्फरन्सला किमान आठ सभासद लागतात आणि कमी पडल्यास दोन वर्षांची मुदत मिळते. ती मुदत 2026 च्या उन्हाळ्यात संपणार होती. मग सप्टेंबर 2024 मध्ये आम्ही त्याच माउंटन वेस्टमधून बॉयसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि यूटा स्टेट ही पाच विद्यापीठे घेतली. सभासद पळवल्यास दंड द्यावा लागेल असे कलम आमच्याच करारात होते, तो दंड साडेपाच कोटी डॉलरांचा झाला, आणि आम्ही ते कलम बेकायदा असल्याचे सांगत न्यायालयात गेलो. स्पोकेनचे गोन्झागा आले. त्याच्याकडे 1941 पासून फुटबॉल संघच नाही. ते आले त्यांच्या बास्केटबॉलच्या नावामुळे. म्हणून आठवा फुटबॉल सभासद हवाच होता, आणि 30 जून 2025 रोजी सॅन मार्कोसच्या टेक्सास स्टेटने तो आकडा भरला. पॅसिफिकच्या कॉन्फरन्समध्ये टेक्सास कसे आले, याचे उत्तर एवढेच आहे: आठ भरायचे होते. आम्हाला जगायचे होते हे मला मान्य आहे, आणि पर्याय फारसे नव्हते हेही. तरीही अडचणीत ज्याने ओसरीवर जागा दिली त्याच्याच घरातली माणसे आम्ही नेली, हे लिहून ठेवले पाहिजे.

आणि खुद्द माउंटन वेस्टचा जन्म आठवला की या साऱ्याचा पुढचा अंक दिसू लागतो. 1996 मध्ये डब्ल्यूएसी नावाच्या कॉन्फरन्सने सोळा सभासद केले. हवाईपासून ओक्लाहोमातल्या टल्सापर्यंत ती पसरली होती. चार-चार विद्यापीठांचे गट पाडून ते फिरवण्याची गुंतागुंतीची व्यवस्था तिने केली. प्रवासाचा खर्च वाढला, जुने शेजारी एकमेकांच्या वेळापत्रकातून गेले, उत्पन्न सोळांत वाटले गेले. 1998 मध्ये, म्हणजे मी या देशात आलो त्याच वर्षी, आठ विद्यापीठांनी बाहेर पडून माउंटन वेस्ट स्थापन करण्याचे ठरवले. आज बिग टेनमध्ये अठरा, एसईसीत आणि बिग ट्वेल्वमध्ये सोळा-सोळा सभासद आहेत. त्यांच्याकडे डब्ल्यूएसीपेक्षा कितीतरी पट पैसा आहे हा फरक मोठा आहे, आणि पैसा पुष्कळ दिवस पुष्कळ काही झाकतो. पण अंतर तेच राहते.

ते अंतर कापणाऱ्यांविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. फुटबॉल संघ आठवड्यातून एकदा, बहुधा शनिवारी, खास विमानाने जातो आणि हंगामात बाहेरगावी पाच-सहा सामने खेळतो. त्याला किनारा ओलांडणे जड नाही. सॉफ्टबॉल, व्हॉलीबॉल, सॉकर (म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल), टेनिस या संघांचे तसे नसते. ते आठवड्यात दोन-तीनदा खेळतात, नेहमीच्या प्रवासी विमानांनी जातात, मधे विमान बदलतात. सॅन फ्रान्सिस्को ते बॉस्टन हे अंतर सुमारे 4,350 किलोमीटर आहे, म्हणजे श्रीनगर ते कन्याकुमारी या हवाई अंतराच्या जवळजवळ दीडपट, आणि घड्याळ तीन तासांनी बदलते. आमच्या शेजारची मुलगी अशाच एका दूरवर पसरलेल्या कॉन्फरन्समध्ये सॉफ्टबॉल खेळते. सुटीत घरी आली असताना तिने मला रसायनशास्त्राची वही दाखवली. वसंत ऋतूच्या सत्रात तिचे प्रयोगशाळेचे तास गुरुवारी होते आणि जवळजवळ प्रत्येक गुरुवारी संघ विमानात होता. प्रयोगांच्या पानांवर तारखा होत्या, निरीक्षणे दुसऱ्या कोणाच्या वहीतून उतरवलेली होती. तिला वैद्यकीय शिक्षण घ्यायचे आहे. तिने तक्रार केली नाही. शिष्यवृत्ती आहे, म्हणाली. ती वही पाहून मला जितके वाईट वाटले तितके आमचा संघ हरल्यावर कधी वाटले नव्हते.

मोठ्या करारांचा पैसा या मुलींपर्यंत पोहोचतो असे म्हटले जाते, आणि काही अंशी ते खरे आहे. पण जून 2025 मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार आता विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठामागे सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरांपर्यंत. खेळाडूंच्या श्रमावर इतके उत्पन्न होत असताना त्यांना वाटा मिळणे न्याय्यच आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र तो वाटा मुख्यतः फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो, आणि ज्यांचे कॉन्फरन्सचे उत्पन्न आटले आहे त्यांना तो कुठून तरी काढावा लागतो. वॉशिंग्टन स्टेटने त्याच जूनमध्ये आपल्या अ‍ॅथलेटिक्स संघातले फेकीचे आणि उडीचे सगळे प्रकार बंद केले आणि भर लांब पल्ल्याच्या धावण्यावर ठेवला. भाला, गोळा, थाळी, उंच उडी, सगळे गेले. जे श्रीमंत घरात गेले त्यांच्याही ताळेबंदात ओढाताण आहेच: कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाने यूसीएलएला, ती निघून गेल्याने बर्कलीचे जे नुकसान झाले त्यापोटी, बर्कलीला वर्षाला एक कोटी डॉलर देण्यास सांगितले आहे.

मग पुढे काय होणार, या प्रश्नाकडे येतो. तारखा जुळवून पाहिल्या तर पुढची मोठी हालचाल 2030 आणि 2031 च्या सुमारास होईल असे मला वाटते. कॉन्फरन्स आपल्या सभासदांकडून प्रक्षेपणाचे हक्क ठरावीक मुदतीसाठी लिहून घेते. त्या मुदतीत एखादे विद्यापीठ निघून गेले तरी त्याच्या मैदानावरच्या सामन्यांचे हक्क मागेच राहतात, म्हणून नव्या घराला त्याचा उपयोग नसतो. पॅक-ट्वेल्व इतक्या सहज मोडली, कारण तिची ही मुदत 2024 मध्ये संपत होती आणि जाणाऱ्याला काही भरावे लागत नव्हते. बिग टेनचा करार 2030 मध्ये संपतो, बिग ट्वेल्वचा त्यानंतरच्या वर्षी. अटलांटिक कोस्टची मुदत 2036 पर्यंत आहे, पण फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन यांनी लावलेल्या दाव्यांच्या मार्च 2025 मधल्या तडजोडीत बाहेर पडण्याची किंमत दरवर्षी उतरत जाऊन 2030-31 मध्ये साडेसात कोटी डॉलरांवर येईल असे ठरले. इतक्या मोठ्या विद्यापीठांसाठी ही रक्कम अडसर नाही. तेव्हा एसईसी आणि बिग टेन पुन्हा दारे उघडतील, आणि या वेळी मागे कोण राहते ते पाहावे लागेल. डॅलसचे एसएमयू विद्यापीठ नऊ वर्षे प्रक्षेपणाचा वाटा न घेण्याच्या अटीवर अटलांटिक कोस्टमध्ये शिरले, यावरून आत राहण्याची भूक किती आहे हे कळते.

माझे मत विचाराल तर फुटबॉल वेगळा काढावा. देशव्यापी कॉन्फरन्स हवी आहे ती फुटबॉलला आणि तिचा पैसाही फुटबॉलचाच आहे. तो सौदा फुटबॉलपुरता करावा आणि बाकीचे संघ शेजाऱ्यांशी खेळू द्यावेत. हे स्वप्नरंजन नाही, कारण त्याचे तुकडे आजही अस्तित्वात आहेत. नोत्र दाम फुटबॉलमध्ये कोणाचेच सभासद नाही, बहुतेक खेळांत अटलांटिक कोस्टमध्ये आहे आणि आइस हॉकीत बिग टेनमध्ये. वॉटर पोलोमध्ये स्टॅनफर्ड, बर्कली, यूसीएलए आणि यूएससी आजही 1992 मध्ये स्थापन झालेल्या एका पश्चिमेच्या संघटनेत एकमेकांशी खेळतात, जणू 2023 घडलेच नाही. ओरेगन स्टेटचा बेसबॉल संघ 2025 मध्ये कोणत्याच कॉन्फरन्सविना खेळला आणि तरी ओमाहाच्या कॉलेज वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या अखेरच्या टप्प्यापर्यंत, पोहोचला. मात्र त्यासाठी त्याला देशभर भटकावे लागले, आणि दरवर्षी तसे करणे कोणालाही शक्य नाही.

याला एक सबळ आक्षेप आहे आणि तो मला त्या सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलीनेच सांगितला. तिच्या मते मोठ्या कॉन्फरन्सच्या वाहिनीवर मुलींचे सामने दिसू लागले ते याच व्यवस्थेमुळे. नेब्रास्कात 30 ऑगस्ट 2023 रोजी महिलांचा व्हॉलीबॉल सामना पाहायला 92,003 प्रेक्षक आले. त्या खेळाडूंना बिग टेन सोडून दोनशे किलोमीटरवरच्या शेजाऱ्याशी खेळा असे सांगितले तर त्या का ऐकतील? तिचे म्हणणे मी मान्य केले. म्हणून आता मी असे म्हणतो की निर्णय एकेका खेळाचा व्हावा आणि तो त्या खेळातल्या प्रशिक्षकांना आणि खेळाडूंना विचारून व्हावा. मुलामुलींना समान संधी देण्याचे 1972 च्या कायद्याचे बंधन विद्यापीठावर आहे, कॉन्फरन्सवर नाही, त्यामुळे फुटबॉल वेगळा झाल्याने ते सैल होणार नाही. खरी अडचण पैशाची आहे: कॉन्फरन्स आपले सगळे खेळ एकत्र विकते, आणि त्यांतले पंधरा शेजाऱ्यांकडे पाठवायचे तर कोणाला तरी करार उघडून बसावे लागेल. ते 2030 मध्ये करावेच लागणार आहे, आणि त्या बैठकीत हा मुद्दा कोणी मांडतो का, याकडे माझे लक्ष राहील.

भालाफेक करणाऱ्या मुलीच्या आईला मी एवढेच सुचवले की पत्र पाठवणाऱ्या प्रशिक्षकांना कॉन्फरन्सचे नाव विचारण्याऐवजी गेल्या वसंतातले संघाचे प्रवासाचे वेळापत्रक मागावे, संघ कोणत्या वारी निघतो आणि कोणत्या वारी परततो ते पाहावे, आणि फेकीचे प्रकार पुढची चार वर्षे चालू राहतील असे विद्यापीठ लेखी देईल का ते विचारावे. मुलीला मृदाशास्त्रात रस आहे असे त्या बोलता बोलता म्हणाल्या. त्या शास्त्राचे बरेचसे शिक्षण शेतात खड्डा खणून, मातीचे थर हाताने चाचपून होते, आणि आमच्या वेळी हे क्षेत्रीय तास गुरुवारीच असत.